उद्याच्या भाकरीविषयी: मंडळ्यांच्या विश्वस्तांस अनावृत पत्र

महाराष्ट्रातील मराठी ख्रिस्ती मंडळ्यांचे पाळक, पंच व विश्वस्त यांस,



डोंगरावरील प्रवचनातल्या, म्हणजे मत्तयाच्या सहाव्या अध्यायाचा उत्तरार्ध आपल्या व्यासपीठांवरून वर्षातून एकदा तरी वाचला जातोच. आकाशातल्या पाखरांना कोठार नाही आणि रानातल्या फुलांना सूत कातावे लागत नाही, तरी स्वर्गीय पित्याने त्यांची उपेक्षा केलेली नाही, हा त्यातला आशय रविवारच्या शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असतो. आणि तरीही त्याच दिवशी उपासनेनंतर भरणाऱ्या पंचांच्या बैठकीत मिळकतींचा, ठेवींचा आणि व्याजाच्या दराचा विषय निघतो, तेव्हा त्या अध्यायाची छाया बैठकीवर पडलेली फारशी दिसत नाही. या दोन प्रसंगांत जे अंतर पडले आहे त्याविषयी मला आपणांशी बोलावयाचे आहे. आणि ते खासगी पत्राने न बोलता चारचौघांत बोलावे असे वाटले, कारण ज्या पैशाविषयी मी बोलणार आहे तो चारचौघांनीच थैलीत टाकलेला आहे.

आरंभीच एक गैरसमज दूर करतो. दारिद्र्याचे गोडवे गाण्यासाठी मी लेखणी उचललेली नाही. नगरला अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे १८३१ साली पडले, आणि त्यानंतरच्या काळात जे लोक गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतून उठून ख्रिस्ताच्या मंडळीत आले त्यांच्यापैकी बहुतेकांच्या पोटाला पुरेसे अन्न नव्हते आणि अंगाला धड वस्त्र नव्हते. त्यांच्या नातवंडांनी विटांचे घर बांधले, मुलीला परिचारिकेचे शिक्षण दिले, पेढीत चार पैसे टाकले, तर त्यात देहसुखाची आसक्ती शोधणारा मनुष्य मला निर्दय वाटतो. उघड्या-उपाशी भावाला आशीर्वादाचे दोन शब्द देऊन वाटेला लावणाऱ्याचा विश्वास याकोबाने आपल्या पत्रात मेलेला ठरविला आहे, आणि त्या निवाड्यावर अपील नाही. तेव्हा ज्याला उद्याची भ्रांत आहे त्याला निश्चिंततेचा उपदेश करण्याचा माझा अधिकार नाही. माझे बोलणे आहे ते ज्यांच्या कनवटीला किल्ल्या आहेत त्यांच्याशी.

ज्या अध्यायाचा शेवट उद्याची चिंता न करण्याच्या आज्ञेने होतो, त्याचा आरंभ गुप्त दानधर्माच्या आज्ञेने झालेला आहे, इकडे आपले लक्ष क्वचितच जाते. प्रभूने प्रथम आपल्या श्रोत्यांना, म्हणजे गालीलातल्या कोळ्यांना, रोजंदारांना आणि करभाराने जेरीस आलेल्या कुणब्यांना, उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये असे द्यावयास सांगितले. मग भाकरीसाठी प्रार्थना शिकविली, आणि तीही एकट्याच्या नव्हे, सर्वांच्या भाकरीसाठी. मग पृथ्वीवरच्या संपत्तीला कसर आणि चोर लागतात याची आठवण दिली. आणि हे सर्व झाल्यावर पाखरांकडे बोट दाखविले. हा क्रम मोडून केवळ शेवटचा भाग वाचला म्हणजे निश्चिंतता ही एक मनाची गोड अवस्था होऊन बसते. क्रम राखून वाचला म्हणजे दिसते की जो देऊन मोकळा झाला आहे त्यालाच ती निश्चिंतता सांगितलेली आहे.

अरण्यातल्या मान्न्याची गोष्टही अशीच पुरती वाचावी लागते. माणशी एक ओमेर हे रोजचे प्रमाण; त्यातले जे उद्यासाठी ठेवले त्यात किडे पडले आणि त्याला दुर्गंधी सुटली. परंतु सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करण्याची आज्ञाही त्याच देवाने केली आणि ते दुसऱ्या दिवशी नासले नाही. योसेफाने मिसर देशात सात वर्षे धान्य साठविले, त्याचा कोणी अविश्वास म्हणून निषेध केला नाही. आणि पीक भरघोस आले म्हणून मोठी कोठारे बांधण्याच्या गोष्टी स्वतःच्या जिवाशी करणाऱ्या त्या धनवानाला मात्र त्याच रात्री बोलावणे आले. साठविणे हाच अपराध असता तर योसेफही सुटला नसता. साठविले कोणासाठी, आणि त्या कोठाराचे दार कधी उघडले काय, एवढाच प्रश्न दोघांनाही विचारला गेला, असे मी समजतो. आणि तोच प्रश्न मी आपल्या दफ्तरातल्या ठेवपावत्यांना विचारीत आहे.

या बाबतीत परदेशातले दाखले शोधण्याची आपणांस गरज नाही. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव आहे. तेथे पंडिता रमाबाईंनी उभारलेल्या मुक्तिसदनाचे नाव आपण सर्व आदराने घेतो. पण रमाबाईंनी देवावर जो भरवसा टाकला त्याचा कस किती कठोर होता हे आपण सावकाश पाहिलेले नाही, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे पुराणे सांगत, तीर्थयात्रा करीत, जवळचे द्रव्य दानधर्मात वेचीत कुटुंबासह देशभर हिंडलेले विद्वान गृहस्थ. दुष्काळ आला तेव्हा गाठीचे सर्व संपले होते, अंगमेहनतीचे काम घरात कोणालाच शिकविलेले नव्हते, आणि त्या दिवसांत आईवडील आणि थोरली बहीण एकामागून एक गेली. रानातला पाला खाऊन दिवस काढणे काय असते हे ज्या बाईला स्वतःच्या पोटाने शिकविले होते, तिच्या तोंडचे 'देव पुरवील' हे शब्द ऐषारामात वाढलेल्या माणसाच्या शब्दांसारखे स्वस्त असणे शक्यच नव्हते.

११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन हे विधवांचे विद्यालय उघडले आणि पुढल्याच वर्षी ते पुण्यास नेले. त्याचा खर्च अमेरिकेत बोस्टन येथे स्थापन झालेले मंडळ चालवीत असे, पण त्या मंडळाने आपली हमी दहा वर्षांपुरतीच दिली होती. मधल्या काळात, १८९३ साली, धर्मांतराच्या प्रश्नावरून पुण्यात मोठे वादळ उठले, सल्लागार मंडळातील थोर गृहस्थांनी अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी मुली परत नेल्या. एलीया ज्या ओढ्याचे पाणी पीत होता तो केरीथचा ओढा देवाच्याच आज्ञेने त्याला लाभलेला असूनही आटला, असे शास्त्रात आहे. ओढा आटणार हे रमाबाईंना दिसत होते. त्यांनी केले काय? केडगावास जमीन घेतली, विहिरी खणल्या, फळझाडे लावली. बागेच्या उत्पन्नावर संस्था चालावी हा हेतू. इथपर्यंतची रमाबाई कोणत्याही दक्ष विश्वस्ताला पसंत पडेल, आणि पडावी. देवावर विश्वास टाकणाऱ्याने कुदळ हाती धरू नये असे मानणे त्यांच्या स्वप्नातही नव्हते.

पण १८९६-९७ चा दुष्काळ पडला आणि मध्यप्रांतातल्या उपाशी मुलींची वर्णने त्यांच्या कानी आली. बागेची झाडे अजून लहान होती. बोस्टनच्या मंडळाची हमी शारदा सदनापुरती आणि तीही संपत आलेली. अशा स्थितीत कोणतीही कायमची तरतूद हाती नसताना ही बाई स्वतः मध्यप्रांतात गेली आणि काही महिन्यांत सुमारे तीनशे मुली घेऊन आली. पुण्यात प्लेगचे निर्बंध जारी असल्यामुळे इतक्या मुली तेथे ठेवू देईनात, तेव्हा केडगावच्या मोकळ्या माळावर, जी जमीन उद्याच्या उत्पन्नासाठी म्हणून घेतली होती तिच्यावरच, त्यांची वस्ती पडली. १९०० च्या सुमारास गुजरातेत पुन्हा दुष्काळ पडला आणि सदनातली संख्या दीड-दोन हजारांच्या घरात गेली. त्या मुलींनी विणकाम केले, तेलाचा घाणा चालविला, शेती केली, खिळे जुळवून छापखाना चालविला. आणि रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेले बायबलाचे मराठी भाषांतर त्याच आवारात त्याच मुलींच्या हातांनी छापले गेले.

पीठ आधी आले आणि मग मुली आल्या असे केडगावास घडले नाही. मुली आधी आल्या. सारफथच्या विधवेपाशी कुंडात मूठभर पीठ आणि कुपीत थेंबभर तेल उरले असताना एलीया संदेष्ट्याने तिच्यापाशी पहिली भाकर स्वतःसाठी मागितली, हे मागणे ऐकून प्रथम कोणाचेही मन दुखावेल. परंतु पीठ न सरण्याचे आश्वासन त्या भाकरीच्या पुढे ठेवलेले होते, मागे नव्हे. रमाबाईंनी ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरचे चरित्र वाचले होते आणि हिंदुस्थानातही देवावर असा भरवसा टाकून पाहता येईल काय, याचा त्या विचार करीत असत. म्युलरसाहेबांनी १८३६ साली ब्रिस्टलमध्ये पहिले अनाथगृह उघडले आणि पुढे तेथे एका वेळी दोन हजारांवर मुलांची सोय झाली. त्यांनी कोणापाशी याचना केली नाही, कर्ज काढले नाही, आणि आल्या-गेल्या पैशाचा हिशेब मात्र वेळोवेळी छापून काढला. देवापाशी मागणारा माणूस लोकांपासून जमाखर्च लपवीत नाही, ही गोष्ट मला त्यांच्या चरित्रात सर्वांत अनुकरणीय वाटते. तिचा उल्लेख मात्र आपल्या प्रवचनांत ऐकल्याचे स्मरत नाही.

दुसरे नाव आपल्या घरचेच. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, पुढे वीस-बावीस वर्षे नगरच्या मिशनाशी संबंध ठेवून सेवा केली, आणि १९१७ साली त्या नोकरीचा व पगाराचा राजीनामा देऊन साताऱ्यास 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा संघ मांडला. पगाराची नोकरी आणि मिशनचे घर म्हणजेच ख्रिस्ती जीवनाची चौकट अशी ज्या काळी समजूत झाली होती, त्या काळी वयाची पन्नाशी उलटलेल्या, प्रकृतीने खचलेल्या माणसाने ती चौकट आपण होऊन मोडावी, यात केवढे धैर्य होते! दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, ते वारले. दरबार बाल्यावस्थेतच राहिला, म्हणून तो प्रयत्न फसला असे कोणी म्हणेल. मला तसे म्हणवत नाही. परंतु टिळकांची थोरवी गाताना त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांची 'स्मृतिचित्रे' बाजूस ठेवून चालणार नाही. पती उद्याचा विचार न करता हातचे देऊन टाकतो तेव्हा संध्याकाळची चूल कोणाला पेटवावी लागते, हे लक्ष्मीबाईंनी कसलीही कटुता न आणता लिहून ठेवले आहे, आणि ते वाचल्यावर श्रद्धेच्या गोष्टी बोलणाऱ्या प्रत्येक पुरुषाने क्षणभर स्तब्ध व्हावे असे ते लिखाण आहे. एकाच्या विश्वासाचे ओझे दुसऱ्याच्या डोक्यावर, विशेषतः घरातल्या बाईच्या डोक्यावर, तिला न विचारता ठेवण्याचा अधिकार कोणालाच नाही. आणि हेच मंडळीलाही लागू पडते. त्याकडे आता वळतो.

शाळेच्या प्रवेशअर्जावर धर्म आणि जात या दोन रकान्यांपाशी आपल्या मंडळीतल्या कित्येक मातांची लेखणी अडते. १९५० सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वये अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या गेल्या. १९५६ साली शिखांचा आणि १९९० साली बौद्धांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती झालेला मनुष्य बाहेरच राहिला. पूर्वजांची जात तीच, गावातली वागणूक पुष्कळदा तीच, पण कागदावर ख्रिस्ताचे नाव लिहिले की अनुसूचित जातींसाठीची शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि राखीव जागा या सर्वांवर पाणी सोडावे लागते. ज्या कुटुंबांनी हे पाणी सोडले आणि तीन-तीन पिढ्या ते नाव निभावले, त्यांनी ऐहिक सुखापेक्षा देवाच्या पुरवठ्यावर भिस्त ठेवल्याची साक्ष एकाही प्रवचनाशिवाय दिलेली आहे, आणि माझ्या मते मराठी मंडळीच्या इतिहासातले हे सर्वांत मोठे अर्पण आहे. ज्यांना ते झेपले नाही, ज्यांनी दाखल्यावर एक आणि मंडळीच्या नोंदवहीत दुसरे असे लिहिले, त्यांना कमकुवत विश्वासाचे म्हणून व्यासपीठावरून बोलणी खावी लागलेली मी ऐकली आहेत. बोलणाऱ्यांच्या मागच्या कपाटात त्या वेळी मंडळीच्या नावच्या मुदतठेवींच्या पावत्या होत्या. ज्या मंडळीने त्या मुलाची फी भरण्याचा ठराव केलेला नाही तिने त्याच्या आईला 'देव पुरवील' असे कोणत्या तोंडाने सांगावे? सारफथास देवाने कुंडात पीठ पुरविले, केरीथास कावळ्यांच्या चोचीतून भाकर पाठविली; आपल्या काळात तो बहुधा माणसांच्या हातूनच देतो, आणि त्या हातांच्या मुठी आवळलेल्या असल्या तर त्या आईने देवावर संशय घेतल्याचा दोष कोणावर जाईल, याचा आपण विचार करावा.

याच्या उलट टोकाला अलीकडे एक नवा उपदेश आपल्या लोकांत शिरला आहे: पुरेसा विश्वास धरला आणि पुरेसे बीजदान दिले की घर, गाडी, परदेशाची वाट हे सर्व देव देतोच. त्याविषयी अधिक लिहीत नाही. देवाला सावकाराच्या पेढीवर बसविणारा हा उपदेश गरिबाच्या गाठीचे शेवटचे पैसे घेतो आणि पुढे काही घडले नाही तर विश्वास कमी पडला असे सांगून त्याचे मनही हिरावून घेतो. पण आपल्या जुन्या, प्रतिष्ठित मंडळ्यांनी या उपदेशकांना नावे ठेवण्यापूर्वी हे पाहावे की ठेवीच्या आकड्यावरून देवाची कृपा मोजण्याची सवय आपणांसही लागलेली आहे. ते ती मोठ्याने बोलतात, एवढेच.

आता मिळकतींविषयी. मिशनांनी जाताना ज्या जमिनी, बंगले, शाळा आणि दवाखान्यांची आवारे एतद्देशीय विश्वस्तांच्या हवाली केली, त्यांच्याभोवती शहरे वाढली आणि एके काळच्या माळरानाला सोन्याचा भाव आला. कायद्याने त्यांवर पहारा ठेवला आहे: सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थेच्या १९५० च्या अधिनियमातील कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीवाचून विश्वस्तांना स्थावर मिळकत विकता येत नाही, आणि लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यालाही तीच मंजुरी लागते. हा पहारा पैशाचा आहे. मंजुरी मिळाली म्हणजे विक्री कायदेशीर ठरते, ती विश्वासाने झाली की भीतीने, हे ठरविण्याचे कलम कोणत्याच अधिनियमात नाही. विक्री करूच नये असे मी म्हणत नाही. एखादे आवार विकून वसतिगृह उभे राहात असेल तर रमाबाईंनीही ते विकले असते. पण आवार विकावे, रक्कम ठेवीत घालावी, व्याजातून इमारतीला संगमरवर आणि कचेरीला वातानुकूलन यंत्र लावावे, आणि त्याच वर्षी खेड्यावरच्या पाळकाचा पगार थकलेला असावा किंवा दिवंगत सेवकाच्या पत्नीला खोली रिकामी करण्याची नोटीस जावी, असे जेथे घडते तेथे मान्ना शिळा होऊ लागला आहे असे मला स्पष्ट लिहिणे भाग आहे. मी अशी नोटीस पाहिली आहे. ती मंडळीच्याच छापील कागदावर होती आणि तिच्या माथ्यावर क्रूस होता.

हंगामाच्या सणाचा दिवस आपण डोळ्यांसमोर आणावा. वेदीपुढे ज्वारीची कणसे, भोपळे, केळीचे घड मांडलेले असतात. पायरीशी एखादी कोंबडी पाय बांधून ठेवलेली असते. उपासना झाली की अंगणात लिलाव पुकारला जातो आणि हौसेने घेतलेला नारळ घेणारा माणूस पुन्हा पुकारण्यासाठी परत देतो. या सर्व गजबजीत एखादी म्हातारी पदराखाली झाकून आणलेली चार अंडी पंचाच्या हाती देते आणि मागच्या बाकावर जाऊन बसते. ती अंडी विकून तिने आठवड्याचे गोडेतेल आणले असते. वेदीपाशी येतानाच तिने आपला हिशेब देवाशी पुरा केलेला असतो, आणि त्या अंड्यांचे पुढे काय झाले हे विचारण्याचा तिचा स्वभावही नसतो. म्हणूनच तिच्या वतीने ते विचारण्याची जबाबदारी कोणीतरी घेतली पाहिजे. लिलावाची रक्कम रोजकीर्दीत जमा होते, खतावणीत चढते, वर्षाअखेर शिलकेत मिळते आणि शिल्लक ठेवीत जाते; तिच्या विश्वासाने जे मोकळे सोडले ते आपल्या काळजीने पुन्हा कुलपात घातले जाते. विधवेच्या दोन टोल्यांवर मंदिरात प्रभूची दृष्टी गेली त्याच्या आदल्याच वाक्यांत विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांविषयी तो बोलला होता, हे मार्काच्या बाराव्या अध्यायात आपण पुन्हा उघडून पाहावे.

माझे मागणे फार नाही. येत्या वार्षिक सभेत मंडळीच्या सर्व ठेवी आणि मिळकती यांचा तक्ता, कोणाच्या नावे आणि कशासाठी याच्या खुलाशासह, उपासनेच्या वेळी सर्वांसमोर वाचावा. केवळ नोटीस-फलकावर लावून भागवू नये, कारण पुष्कळ वृद्धांना तो वाचता येत नाही. धर्मादाय आयुक्तांकडे विक्रीचा अर्ज जाण्यापूर्वी तो ठराव दोन रविवारी जाहीर करावा आणि पैसा ज्या कामास लागणार ते काम त्याच ठरावात नमूद असावे. ज्या मुलांनी ख्रिस्ताचे नाव कागदावर ठेवले म्हणून शिष्यवृत्ती गमावली, त्यांच्या शिक्षणाचा खर्च चालू वर्षाच्या व्याजातून आधी बाजूस काढावा आणि मग उरेल त्यात इमारतीची रंगरंगोटी बसवावी. पाळकांना आणखी एक विनंती: सहाव्या अध्यायावर प्रवचन करण्याचा रविवार येईल तेव्हा ते या सभेनंतर करावे, आधी करू नये.

तक्ता तयार करण्याच्या कामी, आकडे जुळविण्यासाठी किंवा जुनी खरेदीखते वाचण्यासाठी माणूस हवा असल्यास मी आणि माझ्यासारखे पुष्कळ जण संध्याकाळचा वेळ देण्यास तयार आहोत. मोडी लिपीतले दस्तऐवज वाचू शकणारे दोन वृद्ध सभासद अजून आमच्यात आहेत, आणि त्यांनीही होकार दिलेला आहे.

आपला नम्र,
मंडळीचा एक सभासद